मशीन ऑइल खातंय, धूर मारतंय: गवत कापायच्या मशीनचं ऑइल तपासणं आणि निवडणं

पहिला पाऊस पडून हरळी घोट्याच्या वर गेली की सोलापुरात गवत कापायची मशीनं बाहेर निघतात आणि त्यांच्यामागोमाग तक्रारीही. ‘ऑइल खातंय.’ ‘पांढरा धूर मारतंय.’ ‘दहा मिनिटं चालतं आणि गपकन बंद पडतं.’ ‘एअर फिल्टर ऑइलनं चिंब झालाय.’ जुळे सोलापूर आणि होटगी रोडकडच्या काही सोसायट्यांची, शिवाय लग्नाच्या दोन-चार लॉनची मशीनं माझ्याकडे असतात. दरवर्षी तेच ऐकतो आणि शेवटी प्रश्नही तोच येतो: ‘मग आता कुठलं ऑइल टाकू, अण्णा?’

हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न म्हणजे ऑइलच्या झाकणाला जोडलेल्या मापाच्या काडीवर (डिपस्टिकवर) काय दिसतंय, आणि ऑइल कमी होत असेल तर जातंय कुठे. ते न बघता ऑइल बदलत बसलं की पैसे जातात, धूर मात्र राहतो. महागातलं महाग ऑइल चुकीच्या मापानं घातलं तर इंजिनाचं वाटोळं होतं. साधं, पण योग्य नंबरचं ऑइल बरोबर मापानं घातलं तर मशीन वर्षानुवर्षं कुरकुरत नाही.

आधी झाकणं मोजा

मशीनला पेट्रोलचं एकच झाकण असेल आणि ऑइलसाठी दुसरं काहीच नसेल, तर ते टू-स्ट्रोक आहे. खांद्याला अडकवायचे बरेच ग्रास कटर या जातीचे. त्यांचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं, आणि प्रमाण मशीनवर किंवा पुस्तिकेत दिलेलं असतं. १:५० असेल तर लिटरला २० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल, १:२५ असेल तर ४० मिली. कोरं पेट्रोल घातलं की पिस्टन चिकटलाच म्हणून समजा. अशा मशीनचा थोडा धूर हा रोग नाही, स्वभाव आहे. त्यांच्यासाठी एवढंच.

ऑइलचं झाकण वेगळं असेल तर ते फोर-स्ट्रोक. ढकलत न्यायचे जवळपास सगळे लॉन मोअर असेच, आणि खांद्यावरचे काही नवे कटरही. पुढचं सगळं याच मशीनांबद्दल आहे. यांच्या टाकीत मिक्स पेट्रोल गेलं तर प्लगवर काजळी धरते आणि धूर होतो. दोन्ही प्रकारची मशीनं एकाच खोलीत ठेवणाऱ्या सोसायट्यांत हे फार होतं, कारण दोन्हींचं पेट्रोल पाण्याच्या जुन्या बाटल्यांत भरलेलं असतं. बाटलीवर मार्करनं ‘मिक्स’ लिहून ठेवा.

काडी बघायची रीत

मशीन सपाट जागेवर हवं. हे वाक्य सगळ्यांना ठाऊक असतं, पण सपाट जागा कुठली हे कुणी बघत नाही. पोर्चला आणि पार्किंगला पाणी वाहून जायला उतार दिलेलाच असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, ऑइलला दिसतो. या इंजिनात मुळात अर्धा-पाऊण लिटरच ऑइल मावतं, त्यामुळे जरा तिरपं उभं केलं तरी काडीवरची खूण फसवते. खोलीतल्या फरशीवर किंवा सरळ फळीवर ठेवून बघा.

मशीन थंड असताना बघणं उत्तम. नुकतंच बंद केलं असेल तर दहा मिनिटं थांबा, वर उडालेलं ऑइल खाली उतरू द्या. झाकणाभोवतीचं गवत आणि माती फडक्यानं पुसूनच झाकण उघडा. नाहीतर तोंडाशी चिकटलेली माती थेट आत पडते, आणि या इंजिनात ती अडवायला ऑइल फिल्टर बहुतेक नसतोच. काडी काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, परत घाला, काढा आणि वाचा.

आता खरी गफलत होते ती इथे. काडी परत घालताना झाकण फिरवून आवळायचं की नुसतं टेकवायचं? दोन्ही पद्धती आहेत. होंडाच्या जीएक्स मालिकेच्या इंजिनांना काडी नुसती आत टेकवायची असते, फिरवायची नाही. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या बऱ्याच इंजिनांना मात्र ती पूर्ण आवळून मग वाचायची असते. एका पद्धतीचं मशीन दुसऱ्या पद्धतीनं मोजलं की पातळी आट्यांच्या उंचीएवढी चुकते. जिथं टेकवायचं तिथं आवळलं तर काडी जास्त खोल जाते, ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि माणूस निर्धास्त राहतो. जिथं आवळायचं तिथं टेकवलं तर कमी दिसतं आणि माणूस ओतत सुटतो. माळी बदलला की पद्धत बदलते, म्हणून टाकीवरच लिहून ठेवलेलं बरं: ‘काडी टेकवून बघणे’ किंवा ‘काडी आवळून बघणे’.

पातळी वरच्या खुणेजवळ हवी, वरच्या खुणेच्या वर नको. खांद्यावरच्या छोट्या फोर-स्ट्रोक कटरला काही वेळा खुणेची काडी नसतेच. त्यात ऑइल भरायच्या तोंडाच्या काठापर्यंत भरायचं असतं, मशीन पुस्तिकेत दाखवलं आहे तसं सपाट ठेवून. होंडा जीएक्स३५ मध्ये १०० मिली मावतं, जीएक्स२५ मध्ये ८०. म्हणजे चहाच्या कपाएवढं. त्यातलं २० मिली गेलं तरी पाचवा हिस्सा गेला, म्हणून ही मशीनं रोज सुरू करण्यापूर्वी बघायची.

पातळीइतकंच महत्त्वाचं म्हणजे काडीवरच्या ऑइलचा रंग, वास आणि स्पर्श. काळं ऑइल पाहून घाबरू नका. फोर-स्ट्रोक इंजिनात ते काळं होणारच, काजळी पोटात घेणं हे त्याचं कामच आहे. दोन बोटांत चोळा. बारीक कचकच लागली तर माती आत जातेय. उन्हात धरल्यावर चंदेरी चकाकी दिसली तर धातू झिजतोय, फक्त नव्या इंजिनाच्या पहिल्या ऑइलमध्ये थोडी चकाकी असते आणि ती चालते. ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर पाणी शिरलंय. मशीन पावसात राहिलं किंवा कुणीतरी प्रेशरच्या पाइपनं ते धुतलं. पाणी शिरलेलं ऑइल काढा, नवं घालून मशीन चांगलं गरम होईपर्यंत चालवा आणि तेही काढून परत नवं घाला. पहिल्या बदलात सगळं पाणी निघत नाही.

ऑइल जास्त झालंय

लोक ‘ऑइल खातंय’ म्हणून मशीन आणतात आणि काडी बघितली तर खुणेच्या बोटभर वर असते. कारण साधं आहे. दुकानात बाटली मिळते ८०० मिली, ९०० मिली किंवा एक लिटरची. मशीनमध्ये मावतं ५०० ते ६५० मिली. उरलेलं ठेवायचं कुठं म्हणून अख्खी बाटली आत जाते.

जादा ऑइलनं काय होतं ते समजायला इंजिनाच्या पोटात डोकवावं लागतं. या मशीनांत बहुतेक करून ऑइल पंप नसतो. आडव्या शाफ्टच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडला एक छोटी पळी असते, ती मिनिटाला तीन-साडेतीन हजार वेळा ऑइलमध्ये बुडून शिंतोडे उडवते. उभ्या शाफ्टच्या, म्हणजे ढकलायच्या मोअरमध्ये तेच काम दातेरी चाकावरची पाती करतात. सगळं वंगण या शिंतोड्यांवर चालतं. पातळी वर गेली की क्रँकशाफ्टच (इंजिनाचा फिरता मुख्य दांडा) ऑइलमध्ये घुसळायला लागतो. फेस होतो आणि फेसात वंगणाचा दम नसतो. तोच फेस ब्रीदरच्या (इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या) नळीवाटे एअर फिल्टरकडे जातो. फिल्टर चिंब होतो, हवा अडते, ऑइल कार्ब्युरेटरमधून सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि जळतं. मग पांढरा-निळा धूर निघतो, प्लग ओला होतो, मशीन झटके देतं. ऑइल जळून थोडं कमी झालं की मालक म्हणतो खातंय आणि आणखी ओततो. या चक्रात पुढे मेकॅनिक रिंग-पिस्टन बदलायचा खर्च सांगतो, आणि रोग असतो जास्तीच्या ऑइलचा.

जादा ऑइल काढायला मशीन उलटं करायची गरज नाही. मेडिकलमधून ५० मिलीची सुईशिवायची मोठी सिरिंज आणा, तिला सलाइनच्या नळीचा वीतभर तुकडा जोडा, काडीच्या तोंडातून आत घाला आणि ओढून घ्या. पन्नास-पन्नास मिलीनं काढत, दर वेळी काडी बघत जा. मग एअर फिल्टर साफ करा, प्लग काढून पुसा आणि मशीन मोकळ्या जागेत चालवा. आधीचं साठलेलं ऑइल जळेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं धूर येईल. शेजारचे ओरडतील, ओरडू द्या. त्यानंतरही धूर थांबला नाही तरच पुढचं कारण शोधायचं.

आता उलटी भानगड. तुम्ही ऑइल घातलेलंच नाही, तरी काडीवर पातळी वर आलीय. काडी नाकाजवळ न्या. पेट्रोलचा वास आला आणि ऑइल पाण्यासारखं पातळ वाटलं, तर कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नाही आणि टाकीतलं पेट्रोल हळूहळू सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतंय. असं मशीन सुरू करू नका. पातळ झालेलं ऑइल वंगण देत नाही आणि क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइलच्या पेटीत, पेट्रोलची वाफ कोंडलेली असते.

हे सोलापुरात जास्त दिसतं त्यालाही कारण आहे. आपल्याकडे पाणी रोज कुठे येतं? होळीनंतर लॉनला पाणी तोडलं की गवत वाढत नाही, आणि मशीन कोपऱ्यात जातं ते मृगापर्यंत. तीन महिने टाकीत पेट्रोल तसंच राहतं. उन्हानं ते उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि फ्लोटची सुई त्यात अडकते. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या मशीनच्या रबरी भागांना मानवत नाही. (ते इथेनॉल कदाचित आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असेल, म्हणून राग तरी कुणावर काढायचा!) उपाय असा: उन्हाळ्यासाठी मशीन ठेवताना टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटरमधलं उरलेलं संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, पेट्रोलचा कॉक असेल तर बंद करा. पेट्रोल आधीच ऑइलमध्ये उतरलं असेल तर कार्ब्युरेटर साफ करून सुई तपासा, ऑइल पूर्ण बदला, आणि दोन दिवस काडीवर लक्ष ठेवा.

ऑइल खरंच कमी होतंय

माप बरोबर आहे, काडी योग्य रीतीनं बघितली आहे, तरी दर काही तासांनी पातळी खालच्या खुणेखाली जातेय. मग वाटा तीनच: गळतंय, वाफ होऊन उडतंय किंवा जळतंय.

गळती शोधायला मशीन आधी पुसून कोरडं करा आणि रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर उभं करा. डाग कुठे पडला ते सकाळी दिसेल. ड्रेन नटाखालचा वॉशर, झाकणाची रबरी रिंग, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट ही नेहमीची ठिकाणं. कागद कोरडा आणि तरी ऑइल कमी होत असेल तर ब्लेडच्या वरची बाजू बघा. तिथं गवत आणि माती ऑइलमध्ये कालवून लगदा झाला असेल तर क्रँकशाफ्टचं खालचं सील गेलंय. दोरी किंवा तार शाफ्टला गुंडाळली गेली की सील फाटतं. लग्नाच्या लॉनवर मंडपाच्या सुतळ्या आणि तारा पडलेल्या असतात, तिथल्या मशीनांत हे हमखास. सील नवं टाकूनही परत गळायला लागलं तर ब्रीदर बघा. तो तुंबला की क्रँककेसमधला दाब मोकळा होत नाही आणि ऑइल सीलमधून वाट काढतं. ब्रीदर साफ न करता सीलामागून सील बदलणारे मी बरेच पाहिलेत.

मशीन आडवं करायची सवय हाही गळतीचाच भाग समजा. ब्लेडखालचं गवत काढायला मोअर कलंडवताना एअर फिल्टरची बाजू नेहमी वर ठेवायची. ती खाली गेली की ऑइल आणि पेट्रोल दोन्ही फिल्टरमध्ये उतरतात आणि पुढच्या वेळी मशीन सुरू झालं की धुराचा लोट. कलंडवण्यापूर्वी प्लगची वायर काढून बाजूला ठेवा. ब्लेड हातानं फिरवताना इंजिन अचानक सुरू होऊ शकतं आणि बोटं परत येत नाहीत.

ऑइल उडायचं कारण उष्णता. हवेवर थंड होणारं इंजिन, वर चाळीस-बेचाळीस अंशांचं ऊन, आणि पंख्याच्या जाळीत अडकलेलं वाळकं गवत. जाळी वरून झटकून भागत नाही. उन्हाळाभर पडून राहिलेल्या मशीनचं वरचं कव्हर चार बोल्ट काढून उघडा. सिलिंडरच्या पापुद्र्यांत (थंड होण्यासाठी असलेल्या पातळ पट्ट्यांत) माती दाबून बसलेली असते, एकदा तर आत कुंभारमाशीचं घरटं निघालं होतं. पापुद्रे लाकडी काटकीनं आणि ब्रशनं साफ करा. एवढ्यानंच ऑइलचा खप निम्म्यावर आलेली मशीनं आहेत. आणि भर एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता गवत कापायला लावू नका. माळ्यालाही नको, मशीनलाही नको.

जळायचं कारण बहुधा धूळ. आपल्याकडची मुरुमाची बारीक धूळ खराब फिल्टरमधून आत गेली की सिलिंडर आणि रिंगा घासून काढते, आणि मग ऑइल वर चढून जळतं. स्पंजचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, पिळायचा नाही, दाबून पाणी काढायचं, पूर्ण वाळवायचा, मग थोडं इंजिन ऑइल लावून दाबून जादा काढून टाकायचं. कागदी फिल्टरला पाणी नको, ऑइल नको, आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको. जोराच्या हवेनं कागदाला न दिसणारी भोकं पडतात. हळूच आपटून झटका, काळा झाला की नवा टाका. फिल्टर काही शे रुपयांत येतो, सिलिंडरचं काम काही हजारांत जातं.

बरं, मग ऑइल कुठलं?

मशीनची पुस्तिका असेल तर तिच्यात तापमानाचा तक्ता असतो, तो आधी बघा. वॉरंटी चालू असेल तर त्यात लिहिलंय तेच घाला, माझं किंवा दुकानदाराचं ऐकू नका.

पुस्तिका हरवली असेल तर बाटलीवरचे आकडे वाचायला शिका. १०डब्ल्यू-३० मधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या सुरुवातीसाठी असतो. १०डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे २५ अंशांवर होते आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांवर. सोलापुरात जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पहाटे कितीही हुडहुडी भरली तरी त्या आकड्यांच्या आसपास आपण जात नाही. तेव्हा पहिल्या आकड्यावर आपल्याकडे वाद घालण्यात अर्थ नाही. आपल्याला बघायचाय तो दुसरा आकडा, गरम इंजिनातला. १०० अंशांवर ३० नंबरच्या ऑइलची जाडी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते, ४० नंबरची १२.५ ते १६.३.

ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन साध्या मोअरला उन्हाळ्यासाठी सरळ एसएई ३० (डब्ल्यू नसलेलं, एकाच नंबरचं) सुचवते, आणि त्यांच्याच तक्त्याखाली लिहिलेलं असतं की हवा २७ अंशांच्या वर असताना १०डब्ल्यू-३० वापरलं तर ऑइल जास्त खर्ची पडू शकतं. २७ अंश म्हणजे आपल्याकडे जवळजवळ वर्षभरच्या दुपारी. कारण असं की १०डब्ल्यू-३० ऑइल मुळात पातळ असतं आणि त्यात घातलेल्या पॉलिमरमुळे ते गरम झाल्यावरही ३० नंबरसारखं वागतं. पातळ ऑइल लवकर उडतं, आणि पॉलिमर घुसळणीनं हळूहळू तुटतो. होंडा मात्र आपल्या इंजिनांना सर्वसाधारण वापरासाठी १०डब्ल्यू-३० च सांगते. दोघेही आपापल्या इंजिनापुरते बरोबर आहेत. त्यामुळे ‘मोअरला अमुकच ऑइल’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आधी इंजिन कुणाचं ते विचारा.

सोलापुरातल्या दुकानांत पेट्रोल इंजिनाचं नुसतं एसएई ३० मागितलं तर दुकानदार बहुधा तोंडाकडे बघतो किंवा डिझेल पंपाचं ४० नंबर पुढे करतो. १०डब्ल्यू-३० मात्र कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्येही मिळतं, कारण स्कूटर आणि नव्या मोटारसायकलींना तेच लागतं. ते फोर-टी (फोर-स्ट्रोकचं) ऑइल मोअरला चालतं. बाटलीवर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमबी लिहिलेलं असतं. हा फरक मोटारसायकलच्या ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी असतो. मोअरला तसला क्लच नसतो, म्हणून दोन्ही चालतात. बघायचं ते एपीआयचं (ऑइलच्या दर्जाच्या अमेरिकी मानकाचं) अक्षर: एसजे किंवा त्याच्या पुढचं, म्हणजे एसएल, एसएम, एसएन, एसपी. एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. पुढचं अक्षर मागच्याच्या जागी चालतं.

माझा स्वतःचा कौल असा. होंडाचं किंवा त्या धर्तीचं इंजिन असेल आणि ऑइल कमी होत नसेल, तर वर्षभर १०डब्ल्यू-३०. काम रोजचं असेल, ऊन कडक असेल तर सिंथेटिक १०डब्ल्यू-३० चे जादा पैसे वसूल होतात, कारण ते कमी उडतं. जुनं, वॉरंटी संपलेलं, एसएई ३० मागणारं मोअर इंजिन असेल आणि एसएई ३० मिळतच नसेल, तर मार्च ते जून २०डब्ल्यू-४० घालायला माझी हरकत नाही. जुन्या मोटारसायकलींचं ते ऑइल सगळीकडे मिळतं. पण खांद्यावरच्या छोट्या फोर-स्ट्रोक कटरमध्ये ते घालू नका. त्या इंजिनात ऑइलचं धुकं करून अरुंद वाटांनी वर पोचवलं जातं, तिथं १०डब्ल्यू-३० च हवं.

काय घालू नये ते आणखी स्पष्ट आहे. टू-टी ऑइल नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल नाही, ट्रॅक्टरच्या ब्रेक-हायड्रॉलिकचं ऑइल नाही. ड्रममधलं सुटं ऑइल तर फुकट मिळालं तरी नको. ‘धूर बंद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या घट्ट द्रवाच्या बाटल्या काही दिवस धूर लपवतात आणि मशीन विकणाऱ्याच्या कामाच्या असतात, वापरणाऱ्याच्या नाहीत. वेळ पडलीच तर दोन कंपन्यांचं एकाच नंबरचं ऑइल मिसळलं तरी बिघडत नाही. कोरड्या इंजिनापेक्षा मिसळलेलं ऑइल कधीही बरं.

दहा मिनिटांनी बंद पडणारं मशीन

होंडाच्या काही जीएक्स इंजिनांत आणि तशाच इतर काही इंजिनांत ऑइल कमी झालं की इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सर असतो. उतारावर चाललं की ऑइल एका बाजूला सरकतं आणि सेन्सर इंजिन बंद करतो. सपाट जागी आणलं की परत सुरू होतं. लोक कॉइल बदलतात, प्लग बदलतात. आधी काडी बघा. काही मेकॅनिक सेन्सरची वायरच काढून देतात आणि ‘झालं साहेब’ म्हणतात. पातळी पूर्ण असताना दोष शोधण्यापुरती वायर काढणं ठीक, पण तसंच वापरायला देणं म्हणजे इंजिनाचा मृत्यू पुढच्या हंगामावर ढकलणं. यातल्या बऱ्याच इंजिनांत कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा असतो आणि तो बेअरिंगशिवाय थेट शाफ्टवर फिरतो. ऑइल नसलं की तो चिकटतो, तुटतो आणि कधी कधी क्रँककेसला भोक पाडून बाहेर येतो.

बदलायचं कधी

नव्या मशीनचं पहिलं ऑइल लवकर काढायचं. ब्रिग्ज पाच तासांनी सांगते, होंडाच्या मोठ्या जीएक्सला (जीएक्स२५, जीएक्स३५ सोडून) पहिल्या महिन्यात किंवा २० तासांनी. नंतर ब्रिग्जला ५० तास किंवा वर्ष, होंडाच्या त्याच मोठ्या जीएक्सला १०० तास किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. धूळ आणि ऊन असेल तर त्याच्याही आधी. काही नव्या इंजिनांवर ‘ऑइल बदलायची गरज नाही, फक्त भर घाला’ असं लिहिलेलं असतं. आपल्या धुळीत मी तरी वर्षातून एकदा बदलतोच.

तासांचा हिशोब कुणी करत नाही, तो करा. आठवड्याला दोन तास चालणाऱ्या सोसायटीच्या मशीनला ५० तास व्हायला सहा महिने लागतात. लग्नाच्या हंगामात रोज चार-पाच तास चालणाऱ्या लॉनच्या मशीनला दहा-बारा दिवस. दोन्ही मशीनं एकाच कंपनीची असली तरी ‘वर्षातून एकदा’ हा नियम दुसऱ्याला मारून टाकतो. ऑइल बदलल्याची तारीख खडूनं नाही, पेंटमार्करनं इंजिनावर लिहा.

ऑइल काढण्यापूर्वी मशीन पाच मिनिटं चालवा. कोमट ऑइल घाण घेऊन बाहेर पडतं. काढलेलं ऑइल गटारात, झाडांच्या आळ्यात किंवा वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांवर ओतू नका. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये साठवून गॅरेजला द्या, तिथून ते प्रक्रियेला जातं.

हे सगळं करूनही माप बरोबर, फिल्टर स्वच्छ, गळती नाही, ब्रीदर मोकळा आणि तरी गरम झाल्यावर सतत निळा धूर, तर मग रिंगा आणि सिलिंडर खरोखर गेले. मेकॅनिककडे जाताना ‘ऑइल खातंय’ एवढंच सांगू नका. किती तासांत किती मिली कमी होतं, धूर सुरू करताना येतो की जोर पडल्यावर, कुठल्या नंबरचं ऑइल आहे, हे सांगा. नुसता सुरू करताना भपकारा येऊन थांबत असेल तर दोष व्हॉल्व्हकडे असू शकतो आणि काम स्वस्तात होतं. जोर पडल्यावर वाढत असेल तर रिंगा. काम करून आणलं की इंजिन नव्यासारखं धरा: साधं (सिंथेटिक नसलेलं) ऑइल घाला, पहिले पाच तास हलक्या गवतावर चालवा आणि मग ते ऑइल काढून टाका.